गाडी मस्त चालतेय, मग टायमिंग बेल्ट का बदलायचा?

गोव्यात पिकअप विकायची जाहिरात म्हापशाची असो की सावर्ड्याची, मजकूर ठरलेला. इंजिन टकाटक, टायर नवे, फिटनेस क्लिअर, खरोखर घेणाऱ्यानेच फोन करावा. घेणारा येतो, टायरला लाथ मारून बघतो, ऑईलची काडी पुसून बघतो, एक चक्कर मारतो, धूर काळा की निळा ते पाहतो. मग किमतीवरून घासाघीस. यात ‘टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला?’ असं क्वचितच कोणी विचारतं. विचारलं तरी विकणाऱ्याला बहुधा माहीत नसतं, कारण त्याने ज्याच्याकडून गाडी घेतली त्यालाही ते माहीत नव्हतं.

२०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्या भंगारात काढण्याचं धोरण आणलं. तेव्हापासून १५ वर्षांपुढच्या गाडीचं करायचं काय, ही चर्चा टेम्पो स्टँडवर सुरूच आहे. नवी गाडी परवडत नाही, कर्ज नको, म्हणून पुष्कळ जण जुनीच गाडी सांभाळतात. त्यात वावगं काहीच नाही. पण वर्षा-दोन वर्षांत कधीतरी मेकॅनिक सांगतो, ‘बेल्ट घालून घ्या’, खर्चाचा आकडा सांगतो, आणि गाडीवाल्याच्या कपाळावर आठी पडते. ना आवाज, ना धूर, ना गाडीची ओढ कमी झालेली. मग हा खर्च कशाचा?

मेकॅनिक लुबाडत असेलही. पण या एका बाबतीत तो खरं बोलत असण्याची शक्यता जास्त. का, ते समजायला इंजिनाच्या आत जरा डोकवावं लागेल.

## टायमिंग म्हणजे कसलं टायमिंग?

इंजिनाच्या खालच्या भागात क्रँकशाफ्ट असतो. पिस्टन वर-खाली होतात, त्यांच्या दांड्यांमुळे क्रँक फिरतो, आणि तीच ताकद गिअरबॉक्समधून चाकांपर्यंत जाते. वरच्या भागाला हेड म्हणतात. तिथे व्हॉल्व्ह असतात, म्हणजे सिलिंडरची दारं. एक दार हवा आत घेतं, दुसरं धूर बाहेर सोडतं. ही दारं उघडायचं काम कॅमशाफ्ट करतो. या दांड्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात, दांडा फिरला की उंचवटा व्हॉल्व्हला दाबतो, पुढे सरकला की स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते.

पिस्टनचं एक आवर्तन चार टप्प्यांत पुरं होतं. खाली येताना हवा घेणं, वर जाताना ती दाबणं, डिझेल पेटल्यावर खाली ढकललं जाणं, आणि पुन्हा वर जाताना धूर बाहेर फेकणं. एवढ्यात क्रँकचे दोन फेरे होतात. या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो, म्हणून कॅमशाफ्टने क्रँकच्या बरोबर निम्म्या गतीने फिरायला हवं. कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकाच्या दुप्पट दात असतात ते यासाठीच.

खालचा क्रँक आणि वरचा कॅम यांना बांधून ठेवणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. बऱ्याच जुन्या डिझेल इंजिनांत हाच बेल्ट डिझेल पंपही फिरवतो, म्हणजे कोणत्या सिलिंडरला डिझेल कधी जायचं तेही याच्याच हाती. काही इंजिनांत वॉटर पंपही त्याच्यावरच चालतो.

क्रँक मिनिटाला ३,००० फेरे मारत असेल तर कॅम १,५०० मारतो. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि २५ वेळा बंद होतो. पणजीहून फोंड्याला जाईपर्यंत ही उघडझाप किती हजार वेळा झाली याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. त्यात दातभर चूकही चालत नाही. बेल्ट साधा गुळगुळीत न ठेवता दातेरी केला तो याच कारणासाठी. गुळगुळीत पट्टा थोडा तरी घसरतो, आणि इथे घसरणं म्हणजेच बिघाड.

## एकाच उखळात दोन मुसळं

पोहे कांडताना दोघीजणी एकाच उखळाशी समोरासमोर उभ्या राहतात. एकीचं मुसळ खाली जातं तेव्हा दुसरीचं वर असतं. उखळ एक, जागा एक, पण वेळ वेगवेगळी, म्हणून दोघींचं काम होतं. एकीचा ताल चुकला तर मुसळावर मुसळ आपटतं. इंजिनात वरून येणारा व्हॉल्व्ह आणि खालून येणारा पिस्टन एकाच जागेत असेच आळीपाळीने येतात. ताल धरून ठेवतो तो बेल्ट.

आता बेल्ट तुटला असं धरा. कॅमशाफ्ट जिथे असेल तिथे थांबतो. कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा एखादा तरी व्हॉल्व्ह त्या क्षणी उघडा, म्हणजे खाली लोंबकळत असतोच. क्रँक मात्र थांबत नाही. गाडीचं वजन आणि फ्लायव्हीलची, म्हणजे क्रँकला जोडलेल्या जड चाकाची, गती त्याला फिरवत राहते, आणि पिस्टन वर येऊन त्या उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. ३,००० फेऱ्यांच्या गतीला क्रँकचा एक फेरा सेकंदाच्या पन्नासाव्या भागात होतो. ‘तुटला वाटतं’ असं मनात येईपर्यंत आत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

पेट्रोलच्या काही इंजिनांत पिस्टन सगळ्यात वर असतानाही व्हॉल्व्हला जागा उरते. तिथे बेल्ट तुटला तर गाडी बंद पडते, नवा बेल्ट घातला की पुन्हा चालू. डिझेलमध्ये ही सोय जवळजवळ नाही. डिझेल ठिणगीने पेटत नाही. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेट घेतं. त्यासाठी जुन्या डिझेल इंजिनांत हवा विसाव्या भागापर्यंत, कधी त्याहूनही लहान जागेत कोंबली जाते. पिस्टन वर आला की त्याच्यात आणि हेडमध्ये उरतं ते मिलिमीटरच्या हिशेबातलं अंतर. व्हॉल्व्ह उघडतो तो कित्येक मिलिमीटर. दोघे एका वेळी तिथे मावणं शक्यच नाही.

मग व्हॉल्व्ह वाकतात, ते ज्या नळ्यांतून सरकतात ते गाईड फुटतात, व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर मोडतो. नशीब वाईट असेल तर कॅमशाफ्टच दुभंगतो, किंवा तुटलेल्या व्हॉल्व्हचा तुकडा सिलिंडरमध्ये पडून पिस्टनला भोक पाडतो. हेड उतरवायचं, लेथवर पाठवायचं, व्हॉल्व्ह बसवून घ्यायचे, गॅस्केट नवं, आणि गाडी तितके दिवस गॅरेजमध्ये उभी. भाडं बुडतं ते निराळंच. गणेश चवथीच्या तोंडावर असं झालं तर बुडणारी भाडी इंजिनाच्या बिलाइतकीही होऊ शकतात.

## बाहेर दिसतो तो बेल्ट हा नव्हे

बॉनेट उघडल्यावर जो बेल्ट दिसतो तो फॅनचा किंवा अल्टरनेटरचा. तो सैल झाला की किंचाळतो, विशेषतः पावसाळ्यात सकाळी गाडी चालू करताना. तो तुटला तर बॅटरी चार्ज होत नाही, इंजिन तापतं, पण वेळेत थांबलात तर इंजिन वाचतं. गावच्या रस्त्याला बदलता येतो, कित्येक ड्रायव्हर एक जास्तीचा सीटखाली ठेवतात.

टायमिंग बेल्ट झाकणाच्या आड असतो. बाहेरचे बेल्ट, पुली, कधी फॅन आणि रेडिएटरचं कवच काढल्याशिवाय तो दिसतही नाही. बरेच जण ‘बेल्ट मागच्याच वर्षी घातलाय’ असं छातीठोक सांगतात तो हा बाहेरचा असतो. गाडी घेताना म्हणूनच ‘बेल्ट’ एवढंच न विचारता ‘टायमिंग बेल्ट’ असं स्पष्ट विचारावं.

आधी मात्र तुमच्या गाडीला तो आहे का, याची खात्री करा. सगळ्या पिकअपना टायमिंग बेल्ट नसतो. काही इंजिनांत त्याच जागी लोखंडी चेन असते, काहींत गिअरची चाकं एकमेकांत अडकवलेली असतात. आपल्याकडे ज्याला सगळे ‘छोटा हाथी’ म्हणतात त्या २००५ साली आलेल्या टाटा एसच्या जुन्या ७०२ सीसी डिझेलला रबरी बेल्टच आहे. ते दोन सिलिंडरचं इंजिन म्हणजे इंडिकाच्या चार सिलिंडरच्या १,४०५ सीसी इंजिनाचं अर्धं रूप, आणि इंडिकाच्या डिझेललाही बेल्टच होता. तुमच्या गाडीचं काय, ते मॉडेलच्या नावावरून ठरवू नका. एकाच नावाच्या पिकअपमध्ये वर्षागणिक इंजिन बदललेलं असतं. इंजिन नंबर घेऊन पार्टच्या दुकानात विचारा, किंवा गाडीबरोबर आलेलं पुस्तक बघा.

## खराब झाला असता तर कळलं नसतं का?

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि तो बिनडोक नाही. ब्रेक पॅड झिजले की करकरतात, बेअरिंग गेलं की घरघरतं, क्लच गेला की गाडी चढावर ओढत नाही. गाडी बोलते अशी ड्रायव्हरची श्रद्धा असते आणि बहुतेक वेळा ती खरीही ठरते.

टायमिंग बेल्ट मात्र बोलत नाही. त्याची रचनाच तशी. रबराच्या आत काचतंतूंच्या बारीक दोऱ्या असतात, त्या बेल्टची लांबी वाढू देत नाहीत. दातांवर नायलॉनचं कापड असतं, ते झीज सोसतं. ताकद दोऱ्यांत असते, रबर त्यांना धरून ठेवतं. वर्षानुवर्षं पुलीवरून वाकत राहिल्याने दोऱ्या आतल्या आत तुटत जातात आणि दातांच्या बुडाशी रबर थकतं. हे सगळं होत असतानाही कॅम अगदी वेळेवर फिरत असतो. शेवटच्या फेरीपर्यंत काम शंभर टक्के, आणि पुढच्या फेरीला शून्य.

झाकण उघडून बघितलं तर? थोडं कळतं, सगळं नाही. डिचोलीच्या एका गॅरेजमध्ये टेबलावर उतरवून ठेवलेला बेल्ट मी हातात घेऊन बघितला होता. पाठ काचेसारखी चकचकीत झालेली, कडेला पांढरे तंतू सुटून कापसासारखे फुललेले. उलटा वाकवला तेव्हा दोन दातांच्या मधल्या खाचेत बारीक भेग उघडली, सरळ करताच दिसेनाशी झाली. बेल्ट गाडीवर ताणलेला असताना ती भेग कोणाला दिसली असती? जुन्या प्रकारच्या रबराला निदान पाठीवर तडे पडायचे. आताचं रबर उष्णता जास्त सोसतं, आणि म्हणूनच वरून बरं दिसत असतानाही आतून संपलेलं असू शकतं. भेगा दिसल्या तर बेल्ट नक्की गेला. न दिसल्या तर तो चांगला आहे असं सिद्ध होत नाही.

एक खूण मात्र गांभीर्याने घ्यावी. झाकणाच्या खालच्या कडेला ऑईलचा ओलावा. क्रँकचं किंवा कॅमचं ऑईल सील, म्हणजे ऑईल आत अडवणारी रबरी कडी, गळायला लागलं की ऑईल बेल्टवर जातं, आणि रबराला ऑईलइतका वाईट शत्रू दुसरा नाही. ते फुगतं, मऊ पडतं, दात सुटतात. असं दिसलं तर किलोमीटर किती झाले ते विचारत बसू नये.

## पण माझी गाडी फारशी फिरलेलीच नाही

कंपन्या दोन आकडे देतात, किलोमीटर आणि वर्षं, आणि त्यातलं जे आधी येईल ते धरायला सांगतात. इंजिनागणिक आकडे बदलतात. साधारणपणे ते ६०,००० ते १,००,००० किलोमीटरच्या दरम्यान आणि चार-पाच वर्षांपासून पुढे असतात. तुमच्या इंजिनासाठी खरा आकडा तुमच्या पुस्तकातलाच, माझा नव्हे आणि शेजारच्या मेकॅनिकचाही नव्हे.

वर्षांचा आकडा लोक सोडून देतात, तिथेच घोटाळा होतो. घरच्या बागायतीतले नारळ-सुपारी आणण्यापुरती वापरलेली पिकअप दहा वर्षांत ४०,००० चालली असेल. मालक खूश, घेणारा त्याहून खूश. पण रबर वेळेनेही कडक होतं, गाडी उभी असली तरी. एकाच जागी महिनोन्महिने उभ्या गाडीत बेल्ट पुलीभोवती त्याच बाकात राहतो, हेही त्याला मानवत नाही.

उलट टोकाचं उदाहरण बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने भाजी घेऊन येणाऱ्या गाडीचं. किलोमीटर हे चाकांचं माप, बेल्टचं माप म्हणजे फेरे. सपाट रस्त्यावर ताशी ६० ने जाताना इंजिन २,५०० फेऱ्यांवर असेल तर एक किलोमीटर एका मिनिटात संपतो, म्हणजे २,५०० फेरे. घाटात भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये ताशी २० ने चढत असेल आणि इंजिन ३,००० वर असेल, तर त्याच एका किलोमीटरला तीन मिनिटं आणि ९,००० फेरे. मीटरवर दोन्ही ठिकाणी आकडा एकच सरकतो. पहाटे कुटबणच्या जेटीवर मासळीच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीला तर मीटर काहीच मोजत नाही, बेल्ट मात्र फिरत असतो. अशा गाड्यांना पुस्तकातल्या आकड्याच्या बरंच आधी बेल्ट घालणं शहाणपणाचं. बऱ्याच पुस्तकांत जड वापरासाठी वेगळा, कमी आकडा दिलेलाही असतो, फक्त ते पान कोणी उघडत नाही.

## फिटनेसला पास झाली ना!

झाली असेल. व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं. तिथे ब्रेक, दिवे, धूर, स्टिअरिंग असं सगळं बघतात. गाडी रस्त्यावर इतरांना धोकादायक नाही ना, एवढाच त्या तपासणीचा हेतू. इंजिनाचं झाकण उघडून बेल्टचं वय कोणी विचारत नाही. बेल्ट उद्या तुटणार असेल तरी आज गाडी पास होऊ शकते, आणि त्यात तपासणाऱ्याचा काही दोष नाही.

## बेल्ट एवढासा, बिल एवढं का?

बेल्टची किंमत बिलात लहान असते. मोठा भाग मजुरीचा, कारण तिथपर्यंत पोचायला बरंच काही उतरवावं लागतं. आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. समुद्राकाठी फिरलेल्या, खारं पाणी आणि बर्फाचं पाणी गळणाऱ्या मासळीच्या गाड्यांचे बोल्ट गंजून जाम झालेले असतात. क्रँक पुलीचा मोठा बोल्ट आधीच प्रचंड घट्ट, त्यात गंज. कधी नुसता तो एक बोल्ट सोडवण्यात अर्धा दिवस जातो.

नेमक्या याच कारणाने मेकॅनिक बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर (बेल्टला वळण देणारी मोकळी पुली), ऑईल सील आणि बेल्टवर चालणारा असेल तर वॉटर पंपही बदलायला सांगतो. गाडीवाल्याला वाटतं, एका कामात चार कामं घुसवली. पण टेन्शनर म्हणजे बेल्टला योग्य ताण देणारी पुली, आणि तिच्या बेअरिंगमधलं ग्रीस बेल्टइतकंच जुनं असतं. नवा बेल्ट घातला, जुना टेन्शनर ठेवला, आणि सहा महिन्यांनी त्याचं बेअरिंग जाम झालं, तर नवाकोरा बेल्ट जळून तुटतो. वॉटर पंपाचंही तसंच. तो पुढे गळला तर पुन्हा तितकंच सगळं उतरवायचं, मजुरी पुन्हा तितकीच. सुटे भाग बेल्टच्या आड असतील तर एकदाच बदलावेत. आड नसतील, तर मात्र ‘आता नको’ म्हणायला हरकत नाही. पंप बाहेरच्या बेल्टवर चालत असेल आणि गळत नसेल, तर याच वेळी तो बदलायचा आग्रह मी तरी मानणार नाही.

बेल्ट विकत घेताना स्वस्ताच्या मागे लागू नये. दोन बेल्ट शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात, पण दातांची संख्या, रुंदी आणि दाताचा आकार हे तिन्ही जुळायला हवेत. गोल दाताचा बेल्ट चौकोनी खाचेत बसल्यासारखा वाटतो आणि दात खात राहतो. बेल्टवर छापलेला नंबर आणि इंजिनाचा पार्ट नंबर जुळवून, बिल घेऊन, ओळखीच्या दुकानातून घ्या. घडी घालून किंवा पिळून ठेवलेला बेल्ट नवा असला तरी नको, वाकवण्याने आतल्या दोऱ्या तुटतात.

## काम चालू असताना काय बघायचं?

स्वतः करावं का? हात बसलेला असेल, पुस्तक आणि टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) जवळ असेल तर जमण्यासारखं आहे, अन्यथा नको. पण शेजारी उभं राहून बघता आलं तर जरूर बघा.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काम सुरू होतं, चुकून स्टार्टर फिरू नये म्हणून. मग इंजिन हाताने फिरवून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आणतात. या स्थितीत क्रँकच्या, कॅमच्या आणि पंपाच्या चाकांवरच्या खुणा इंजिनावर कोरलेल्या खुणांसमोर येतात. सगळ्या खुणा जुळल्याशिवाय जुना बेल्ट काढायचा नाही. काढल्यावर क्रँक किंवा कॅम यातलं काहीही हलवायचं नाही.

नवा बेल्ट ताणाच्या बाजूने ताठ ठेवत चढवतात, म्हणजे उरलेली सैल बाजू टेन्शनरकडे येते. स्क्रूड्रायव्हरने उचकटून बेल्ट बसवणारा दिसला तर तिथेच थांबवा. मग टेन्शनर सोडून ताण देतात. हा ताण अंदाजाने नव्हे, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे द्यायचा असतो. सैल राहिला तर दात उडी मारतो. जास्त ताणला तर गाडी चालू झाल्यावर बारीक शिट्टीसारखा आवाज येत राहतो आणि बेअरिंग लवकर जातात. काही जण त्या आवाजाला ‘नवा आहे, बसेल’ म्हणतात. तो बसत नाही.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि घाईत वगळली जाते ती हीच. स्टार्टर न मारता क्रँकच्या बोल्टवर लांब पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं, नेहमीच्या दिशेनेच. दोन फेऱ्यांत कॅमचा एक पूर्ण फेरा होतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून बंद होतो. मध्येच पाना अडकला, कडक काहीतरी लागलं, तर तिथेच थांबायचं. जोर लावायचा नाही. ते अडकणं म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनला टेकल्याची खूण असू शकते. हाताने फिरवताना टेकला तर नुकसान नाही, स्टार्टरने टेकवला तर वाकला. चांगला मेकॅनिक या वेळी बोलत नाही, त्याचं सगळं लक्ष मनगटात असतं.

दोन फेऱ्यांनंतर चाकांवरच्या खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. इथे एक गोंधळ नेहमी होतो. नव्या बेल्टवर छापलेल्या पांढऱ्या रेषा मात्र आता जुळत नाहीत, आणि बघणारा घाबरतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत बेल्टचा स्वतःचा एक फेरा पुरा होत नसल्याने त्या रेषा पुढे सरकलेल्याच असणार. त्या फक्त बसवताना उपयोगी. नंतर बघायच्या त्या चाकांवरच्या खुणा.

एक दात चुकला तर काय बिघडतं? क्रँकच्या चाकाला २० दात धरले तर एक दात म्हणजे १८ अंश. एवढ्या चुकीला गाडी कदाचित चालू होईल, पण सकाळी नखरे करेल, धूर टाकेल, चढावर दम सोडेल. बेल्ट घातल्यानंतर गाडी आधीपेक्षा बिघडली असं वाटलं तर ‘सवय होईल’ हे उत्तर स्वीकारू नका, झाकण पुन्हा उघडायला लावा.

## आणि रस्त्यातच तुटला तर?

धक्का नाही, मोठा स्फोट नाही. ठक् किंवा खडखड असा आवाज आणि इंजिन गप्प. अनमोड घाटाच्या उतारावर हे झालं तर इंजिनापेक्षा आधी ब्रेकचा विचार करा. ब्रेक हलका करणारी व्हॅक्युमची मदत इंजिन बंद पडल्यावर दोन-तीन दाबांपुरतीच उरते, मग पॅडल दगडासारखं होतं. पॅडल पुन्हापुन्हा पंप न करता एकदाच दाबून धरा, गाडी कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकाखाली दगड लावा. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होईल, पण फिरेल.

त्यानंतर चावी फिरवून बघायचा मोह होतो. बेल्ट तुटलेल्या इंजिनाचा स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतो, कारण व्हॉल्व्ह उघडे राहिल्याने हवा दाबलीच जात नाही. हा आवाज आला तर पुन्हा चावी फिरवू नका. ढकलून चालू करायला तर मुळीच बघू नका. वाकलेल्या व्हॉल्व्हचं तुटलेलं टोक पिस्टनवर पडतं ते बहुधा या हौशी प्रयत्नांत. गाडी टो करून गॅरेजला न्या, आणि नेताना गिअर न्यूट्रल आहे ना ते बघा.

## मग चेन असलेलीच गाडी का घेऊ नये?

घ्या की. चेन पुष्कळ टिकते, तिला इंजिनाचं ऑईल मिळतं. पण ती अमर नसते. तीही लांबते, तिचे गाईड झिजतात, आणि बदलायची वेळ आली तर ते काम बेल्टपेक्षा मोठं असतं. तिचा फायदा एवढाच की जाण्याआधी ती खडखडते. जर्मनीतल्या ग्लास कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला १००४ या मोटारीत दातेरी रबरी बेल्ट आणला, त्याची कारणं साधी होती. बेल्ट हलका, आवाज कमी, ऑईल लागत नाही, बनवायला स्वस्त. त्या सोयींची किंमत म्हणजे ठरल्या वेळी तो बदलणं.

‘इतक्या जुन्या गाडीवर कशाला खर्च?’ याचं उत्तर गाडी किती दिवस ठेवायची त्यावर आहे. पुढच्या महिन्यात भंगारात जायची असेल तर नका करू. पण वर्ष-दोन वर्षं भाडी मारायची असतील, तर बेल्ट, टेन्शनर आणि मजुरीचा खर्च एका बाजूला, आणि हेडचं काम, टोचं भाडं आणि बुडालेले दिवस दुसऱ्या बाजूला मांडून बघा. जुनी गाडी नव्याने घेतली असेल आणि बेल्टचं बिल नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरून चाला. विकणारा काय सांगतो त्यावर भरवसा ठेवू नका, आणि त्या कामाचा खर्च किमतीतून कमी करून मागा. बहुतेक विकणारे थोडं तरी उतरतात.

काम झाल्यावर जुना बेल्ट आणि टेन्शनर मागून घ्या, म्हणजे बदलले की नाही ते डोळ्यांनी दिसेल. टायमिंगच्या झाकणावर पेंटने किंवा स्टिकरवर तारीख आणि मीटरचा आकडा लिहून ठेवायला सांगा. काही गॅरेजवाले हे न सांगताही करतात. बिलाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, कारण कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात दोन पावसाळे टिकत नाही.